शंभर नारळांना सव्वा करवंटी

लंडनमधल्या एजवेअरच्या स्टेशन रोडवर किराणा घ्यायला गेलं की तेलाच्या मांडणीसमोर थोडं थांबणं होतंच. सूर्यफूल, मका, शेंगदाणा, नुसतंच ‘व्हेजिटेबल ऑइल’ लिहिलेले पाच-पाच लिटरचे कॅन (या देशात ते बहुधा रेपसीडचं असतं), आणि एका कोपऱ्यात खोबरेल. ते इथे बरणीत पांढरंशुभ्र गोठलेलं असतं, कारण २४ अंशांच्या खाली खोबरेल घट्ट होतं आणि लंडनमध्ये वर्षातले बरेच महिने त्याहून थंडच असतात. त्यातही दोन जाती. एक कच्चं, झाकण फिरवताच ओल्या नारळाचा वास येणारं आणि महाग. दुसरं रिफाइंड, स्वस्त, आणि त्याला कसलाच वास नाही. तळणीला बहुतेक घरांत दुसरंच जातं.

तो बिनवासाचा स्वभाव तेलाला कारखान्यात मिळतो. तिथल्या एका टप्प्यावर गरम तेलात ॲक्टिव्हेटेड कार्बनची काळीकुट्ट भुकटी कालवतात आणि अर्ध्या तासाने गाळून काढतात. हा कार्बन लाकडाचा असतो, पीटचा असतो, किंवा नारळाच्याच करवंटीचा. बाटलीच्या लेबलवर त्याचं नाव नसतं, कारण तो तेलात उरतच नाही. पण त्या अर्ध्या तासात जे घडतं त्याचा हिशेब मांडायला बसलं, की एका टोकाला डोळ्यांना न दिसणारे रेणू येतात आणि दुसऱ्या टोकाला देशांची क्षेत्रफळं. मला वाटतं, खोबरेल खाणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा तरी बघावा.

सुरुवात कायद्यापासून करू. युरोपात २००५ पासून खाद्यतेलातल्या बेन्झोपायरीन नावाच्या द्रव्यावर मर्यादा आहे: एका किलो तेलात जास्तीत जास्त २ मायक्रोग्रॅम. ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनने तो आकडा कायम ठेवला. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. वजनाच्या भाषेत ही मर्यादा अब्जात दोन इतकी पडते. ऐकायला हे जवळजवळ शून्य वाटतं.

रेणू मोजले की ते शून्य राहत नाही. दोन मायक्रोग्रॅम बेन्झोपायरीनमध्ये ४,७७० लाख कोटी रेणू असतात. भास्कराचार्यांनी लीलावतीत परार्धापर्यंतची जी उतरंड दिली आहे, तिच्यात एकावर पंधरा शून्यांना अंत्य म्हटलं आहे. म्हणजे हा आकडा जवळजवळ पाच अंत्य झाला. मर्यादेत बसणारं एक लिटर तेल घेतलं आणि त्यातले हे रेणू सेकंदाला एक या गतीने मोजायला घेतले, तर सुमारे १४ कोटी वर्षं लागतील. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हाचा झाला, तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो कातळ जन्माला येण्याच्याही दुप्पट आधी मोजायला बसायला हवं होतं. एका मोठ्या चमच्यातल्या १४ ग्रॅम तेलातले रेणू पृथ्वीवरच्या ८ अब्ज माणसांना वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ हजारांहून अधिक येतील. आणि हे सगळं कायद्याने मान्य केलेल्या तेलात.

आता उलट बाजूने बघा. तेलाचे स्वतःचे रेणू इतके अफाट आहेत की या मर्यादेवर खोबरेलाच्या सुमारे १९ कोटी रेणूंमागे बेन्झोपायरीनचा एक रेणू येतो. २०११ च्या जनगणनेतला सगळा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा. आजचा सगळा ब्रिटन सुमारे ६ कोटी ९० लाखांचा. दोन्ही एका ठिकाणी उभे केले तरी १९ कोटी भरत नाहीत. या गर्दीतला एक हवा तो माणूस शोधायचा, तोही नाव-पत्ता माहीत नसताना, आणि असे शोध एका किलोमागे अब्जावधींच्या लाखोपटींनी करायचे. शुद्धीकरण हे असं काम आहे.

हा रेणू इतका नकोसा का, याची गोष्ट लंडनमध्येच घडली आहे. १७७५ साली सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोषाच्या त्वचेचा एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचं मूळ काजळीत आहे. लहान पोरं अरुंद धुराड्यांत चढवली जायची, काजळी त्यांच्या अंगात मुरायची, आणि तरुणपणी रोग वर यायचा. एखाद्या धंद्यातल्या द्रव्याचा आणि कर्करोगाचा संबंध इतक्या स्पष्टपणे दाखवण्याची ती पहिली मोठी नोंद मानली जाते. पुढे १९१५ साली टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने कोळशाचं डांबर चोपडून तिथे कर्करोग उभा करून दाखवला. पण डांबरातलं नेमकं काय हा प्रश्न राहिलाच. तो सुटला १९३३ साली, फुलहॅम रोडवरच्या कॅन्सर हॉस्पिटलात. अर्नेस्ट केनवे यांच्या तिथल्या गटातले कुक, ह्यूएट आणि हिगर यांनी कोळशाच्या डांबराचा दोन टन घट्ट गाळ घेतला, तो पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केला, विरघळवला, स्फटिक पाडले, आणि शेवटी पिवळसर स्फटिकांत बेन्झोपायरीन वेगळं केलं. काजळीतला गुन्हेगार सापडायला पॉट यांच्या लेखापासून १५८ वर्षं गेली. आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या सिद्ध द्रव्यांत ठेवते. अशा द्रव्याची सुरक्षित मात्रा कुणी सांगत नाही. कायद्याचं धोरण एवढंच, की शक्य होईल तितकं कमी.

मग धुराड्यातली काजळी खोबरेलात येते कुठून? खोबरं वाळवण्यातून. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. घाण्याला किंवा एक्स्पेलरला घालण्याआधी ते ६ टक्क्यांवर आणावं लागतं, नाहीतर बुरशी धरते आणि तेल खवट होतं. आमच्या कोकणात चांगलं ऊन असेल तेव्हा वाट्या अंगणात वाळत पडतात आणि आठवडाभरात कडकडीत होतात. पण नारळाला पावसाची हवा लागते, आणि पावसाच्या मुलखात ऊन हवं तेव्हा मिळत नाही. फिलिपिन्स, इंडोनेशिया, श्रीलंका, केरळ, सगळीकडे म्हणून भट्ट्या आल्या. खाली आग, वर बांबूची किंवा लाकडाची ताटी, ताटीवर खोबऱ्याच्या वाट्या. आगीत काय घालायचं? जे हाताशी आहे ते: सोडणं आणि करवंट्या. धूर वाटीच्या पांढऱ्या पोटातून वर जातो, आणि धुरातलं बेन्झोपायरीन तेलकट गोष्टीला सोडत नाही. खोबऱ्यात ६० टक्क्यांहून अधिक तेल. धुरकट खोबरं दाबलं की तो रेणू तेलाबरोबर बाहेर येतो.

हा दोष खोबरेलाचाच आहे असं नाही. २००१ च्या जुलैत स्पेनमध्ये ऑलिव्हच्या चोथ्यापासून काढलेल्या तेलात बेन्झोपायरीन सापडलं आणि सरकारने ते तेल बाजारातून मागे घेतलं. तिथे चोथा वाळवण्याच्या गरम हवेत धूर मिसळत होता. बिया जिथे जिथे ज्वाळेच्या धुरावर वाळतात तिथे हे होऊ शकतं. पण खोबऱ्याची गत जरा वेगळी, कारण ते वाळवायचं सरपण त्याचंच कवच असतं.

आणि त्याला साफ करणारं द्रव्यही त्याच कवचातून निघतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच. करवंटी मोकळ्या हवेत जाळली की धूर आणि बेन्झोपायरीन. तीच करवंटी हवा बंद करून तापवली, मग वाफ देऊन आणखी तापवली, की बेन्झोपायरीनला पकडणारा सापळा.

ती तापवणी दोन पायऱ्यांत होते. आधी हवा तोडून ४०० ते ७०० अंशांवर करवंटीचा कोळसा करतात. मग भट्टीत ८०० ते १००० अंशांवर त्या कोळशावरून पाण्याची वाफ सोडतात. वाफ कोळशातल्या कार्बनशी भिडते, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होऊन दोघंही निघून जातात, आणि जिथे कार्बन होता तिथे पोकळी राहते. कोळशाचं निम्म्याहून अधिक वजन असं हवेत जातं. वजन घटतं तसा माल सुधारतो, कारण या धंद्यात विकली जाते ती पोकळी. सुकी करवंटी १५० ग्रॅमची धरली तर तिचा कोळसा साधारण ४५ ग्रॅम होतो आणि त्यातून ॲक्टिव्हेटेड कार्बन उरतो १५ ग्रॅमच्या आसपास. श्रीलंकेतली हेकार्ब कंपनी १९७३ पासून करवंटीचा हा माल करते आहे. आपल्याकडे तमिळनाडू आणि केरळात त्याचे कारखाने आहेत.

चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये आतला-बाहेरचा मिळून साधारण १,००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. बाहेरचा किती? ३० मायक्रॉनच्या कणांची भुकटी असेल तर एका ग्रॅमचा बाहेरचा पृष्ठभाग पाव चौरस मीटरसुद्धा कसाबसा भरतो. म्हणजे आत जे आहे ते बाहेरच्या चार हजार पट. एका करवंटीचा १५ ग्रॅम कार्बन १५,००० चौरस मीटरचा, म्हणजे पावणेचार एकरांच्या जवळ. वेम्बलीचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद; तशी दोन मैदानं अंथरूनही थोडी करवंटी शिल्लक राहील.

हा आकडा कुणी कल्पनेने काढलेला नाही, त्याची मोजणी होते. उणे १९६ अंशांवर कार्बनला नायट्रोजन वायू देतात आणि किती वायू पृष्ठभागावर एका थरात बसला ते बघतात. नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो. रेणू किती बसले ते कळलं की जागा कळली. ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ साली हे गणित मांडलं आणि जगभरच्या प्रयोगशाळा आजही तेच वापरतात. हजार हा आकडा अशक्य का नाही, हेही कार्बनच सांगतो: एक ग्रॅम कार्बनचे सगळे अणू एका अणूच्या जाडीच्या पत्र्यात पसरले, तर दोन्ही बाजू मिळून २,६३० चौरस मीटर होतात. चांगला कार्बन त्या कमाल मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे पोहोचलेला असतो.

ही पोकळी घरी कानाने ऐकता येते. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून दाणेदार कार्बन आणून मी तो काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाकला. दाणे तळाशी गेले आणि प्रत्येक दाण्यातून बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटल्या. ग्लासाला कान लावला तर बारीक चरचर येत होती, आणि ती बराच वेळ थांबली नाही. दाण्यातल्या बोळांत भरलेली हवा पाण्याला जागा देत होती. बिटाच्या रसाने लाल केलेल्या दुसऱ्या ग्लासात मूठभर दाणे टाकून रात्रभर ठेवले, तर सकाळी पाणी फिकट झालेलं. एजवेअरचं नळाचं पाणी जड आहे, किटलीत चुन्याची पुटं बसतात, त्यामुळे इथे बऱ्याच घरांत फिल्टरचा जग असतो. ब्रिटाच्या कार्ट्रिजमधल्या फिकट मण्यांत जे काळे दाणे मिसळलेले असतात, तो नारळाच्या करवंटीचाच कार्बन. मणी जडपणा कमी करतात, काळे दाणे क्लोरीन आणि चव सांभाळतात.

लंडनला या काळ्या दाण्यांची ओळख मात्र पाण्यामुळे झालेली नाही. कोळसा रंग ओढतो हे योहान टोबियास लोविट्झ यांनी १७८५ साली सेंट पीटर्सबर्गला पाहिलं होतं आणि साखरेचे कारखाने अठराव्या शतकाच्या शेवटी ते वापरू लागले होते. पण पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायू सोडला गेला, आणि कार्बन एकदम जीवनमरणाची वस्तू झाला. रशियात झेलिन्स्की यांनी त्याच वर्षी कोळशाचा मुखवटा बनवला. वायू धरायला दाट, कठीण, बारीक छिद्रांचा कार्बन लागतो, आणि तो करवंटीसारख्या कठीण कवचातून उत्तम होतो. अमेरिकेत १९१८ साली त्यासाठी घराघरांतून पीचच्या आठळ्या आणि कठीण कवचं गोळा केली गेली. पुढच्या युद्धाच्या तोंडावर, सप्टेंबर १९३९ पर्यंत, ब्रिटनमध्ये ३ कोटी ८० लाख मुखवटे वाटले गेले होते. १८ ऑगस्ट १९२४ ला भुयारी रेल्वे एजवेअरला पोहोचल्यावर शेतांच्या जागी जी नवी घरं उभी राहिली, त्यांत राहणारी मुलंही खांद्याला पुठ्ठ्याची पेटी अडकवून शाळेत जाणाऱ्या पिढीतलीच. वायूचा हल्ला इथे झाला नाही. त्या पेट्यांतला कार्बन वापरावाच लागला नाही, हे या हिशेबातलं एकमेव सुखाचं कलम.

तेलात कार्बनचं काम जास्त कठीण आहे. हवेतला विषारी रेणू सुटा असतो आणि वेगाने फिरतो. तेलातला रेणू चिकट गर्दीत अडकलेला. म्हणून तेल ९० ते ११० अंशांवर तापवून, हवा ओढून घेतलेल्या टाकीत ढवळतात. त्यात आधी ब्लीचिंग अर्थ घालतात, म्हणजे मुलतानी मातीच्या जातीची, आम्लाने तयार केलेली माती. ती रंग, साबण आणि धातूंचे अंश घेते, पण बेन्झोपायरीन तिला नीट धरता येत नाही. त्यासाठी कार्बन. पुढे डिओडरायझेशनमध्ये २३० अंशांच्या आसपास, जवळजवळ निर्वातात, वाफ सोडून वास उडवतात. धुरातली हलकी द्रव्यं तिथे वाफेबरोबर जातात. पाच कड्यांचं जड बेन्झोपायरीन मात्र उडत नाही. त्याला कार्बनशिवाय दुसरी वाट नाही.

कार्बनच का धरतो? बेन्झोपायरीनच्या रेणूत कार्बनचे वीस अणू पाच षट्कोनी कड्यांत बसलेले असतात आणि रेणू पूर्ण सपाट असतो, एका अणूइतका जाड. करवंटीच्या कार्बनच्या भिंतीही षट्कोनांच्याच सपाट पत्र्यांच्या. भाकरीवर भाकरी बसावी तसा हा रेणू त्या भिंतीवर सपाट बसतो. खोबरेलाचा स्वतःचा रेणू तीन लांब शेपट्यांचा, सैल, हलता. त्याला असं चिकटून बसता येत नाही. पण तो संख्येने कोट्यवधी पट असतो आणि प्रत्येक बोळात आधीच घुसलेला असतो.

आता कारखान्याची एक घाणी मोजू. १०० टन तेल. समजा त्यात किलोमागे २० मायक्रोग्रॅम बेन्झोपायरीन आहे. धुरावरच्या खोबऱ्याच्या कच्च्या तेलात हे मुळीच अशक्य नाही. सगळं मिळून किती झालं? १०० टन तेलात फक्त २ ग्रॅम. कायद्यात बसायला त्यातले १.८ ग्रॅम काढायचे. कार्बन घालतात साधारण ०.१ ते ०.४ टक्के; आपण ०.२ धरू, म्हणजे २०० किलो. जे काढायचं त्याच्या एक लाख अकरा हजार पट वजनाचा सापळा. आणि त्या सापळ्याचा पृष्ठभाग? २०० किलो म्हणजे दोन लाख ग्रॅम, प्रत्येक ग्रॅम हजार चौरस मीटर: २०० चौरस किलोमीटर.

एजवेअर ज्या सांध्यावर वसलं आहे तिथे तीन बरो, म्हणजे लंडनच्या तीन पालिका, भेटतात. रोमनांच्या वॉटलिंग स्ट्रीटवरून जाणाऱ्या ए-५ रस्त्याच्या एका अंगाला बार्नेट, दुसऱ्या अंगाला हॅरो आणि ब्रेंट. बार्नेट ८६.७ चौरस किलोमीटर, हॅरो ५०.५, ब्रेंट ४३.२. डॉलिस हिल लेनवरचं, १९३२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळही या ब्रेंटमध्येच येतं. तिन्ही मिळून १८० चौरस किलोमीटर होतात. एका टाकीतल्या कार्बनचा पृष्ठभाग या तिन्ही बरोंवर अंथरला तरी वीस चौरस किलोमीटर उरतील. आणि हे सगळं दोन ग्रॅमसाठी.

त्या दोन ग्रॅम रेणूंना निजायला स्वतःची जागा किती लागते, तेही काढता येतं. एक रेणू साधारण एक चौरस नॅनोमीटर. सगळे एका थरात लावले तर जेमतेम सव्वा एकर. म्हणजे २०० चौरस किलोमीटरपैकी ४० हजारावा भाग. बाकीची जागा वाया गेली असं वाटेल, पण तसं नाही. उरलेल्या जागेवर रंगद्रव्यं बसतात, तेल स्वतः बसतं, आणि बेन्झोपायरीन इतकं विरळ असतं की ते धरणं-सोडणं सतत चालू असतं. विरळ गोष्ट पकडून ठेवायची तर धरणाऱ्या जागा तिच्या हजारो पट लागतात. मला या आकड्यांतलं सर्वांत बोलकं प्रमाण हेच वाटतं: चाळीस हजारांना एक.

जगात वर्षाला सुमारे ३५ लाख टन खोबरेल निघतं. सगळं वनस्पती तेल २२ कोटी टनांच्या घरात, म्हणजे दर सेकंदाला ७ टन. त्यात खोबरेलाचा वाटा लहानच. पण हे ३५ लाख टन सगळं अशा ०.२ टक्के कार्बनने धुतलं, तर कार्बन लागेल ७ हजार टन, आणि त्याचा पृष्ठभाग होईल ७० लाख चौरस किलोमीटर. भारताचं क्षेत्रफळ ३२ लाख ८७ हजार. म्हणजे दोन भारत अंथरूनही पुरे पडणार नाहीत. घरापुरतं बोलायचं तर महिन्याला एक लिटर खोबरेल वापरणाऱ्या एजवेअरच्या स्वयंपाकघरामागे वर्षाला २२ ग्रॅम कार्बन, आणि वेम्बलीची तीन मैदानं.

इतक्या सगळ्याला करवंट्या किती? शंभर नारळ घ्या. प्रत्येकाचं सुकं खोबरं १५० ग्रॅम धरलं तर १५ किलो झालं, त्यातून तेल निघालं ९ किलो ३०० ग्रॅम. त्याला कार्बन लागतो साडेअठरा ग्रॅमच्या वर थोडा. एका करवंटीचे १५ ग्रॅम. म्हणजे शंभर नारळांच्या तेलाला सव्वा करवंटी पुरते. उरलेल्या पावणे-नव्व्याण्णव करवंट्या पुष्कळ ठिकाणी भट्टीत जातात आणि त्यांच्या धुराने तेच तेल काळवंडतं, ज्याला मग सव्वा करवंटी लागते.

हे प्रमाण स्वस्त वाटतं, आणि इथेच मला थांबावंसं वाटतं. कार्बन आणि माती तेलातून गाळली जाते तेव्हा फिल्टरवर काळा-करडा केक उरतो आणि त्याच्या वजनाच्या २० ते ३० टक्के तेल असतं. १०० टनांच्या घाणीत एक टन माती आणि २०० किलो कार्बन धरला तर ३०० ते ५०० किलो तेल त्या केकमध्येच जातं. हा केक उघड्यावर रचून ठेवला तर आतल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन तो तापत जातो आणि आपोआप पेटतो. कारखान्यांत त्याची सतत काळजी घ्यावी लागते. पाण्याच्या फिल्टरमधला दाणेदार कार्बन पुन्हा भट्टीत घालून ताजा करतात, पण तेलात वापरलेली ही भुकटी बहुतेक वेळा एकदाच वापरून टाकतात. शिवाय करवंटीचा कोळसा कित्येक गावांत आजही जमिनीतल्या खड्ड्यांत भाजला जातो, आणि त्याचा धूर भाजणारी माणसं रोज आत घेतात. लंडनच्या बरणीतलं तेल स्वच्छ होतं त्याची किंमत कोण कुठे मोजतं, हे आकड्यांच्या या बाजूलाही लिहिलं पाहिजे.

आणि इतकं करूनही काम पुरं होत नाही. बेन्झोपायरीनबरोबर त्याची तीन भावंडं धरून चारांच्या बेरजेवर युरोपाने २०१२ पासून मर्यादा लावली. इतर तेलांना किलोमागे १० मायक्रोग्रॅम. खोबरेलाला २०. कायद्याने ही सवलत दिली कारण धुरातली क्रायसीनसारखी चार कड्यांची द्रव्यं खोबऱ्यात जास्त येतात आणि रिफायनिंगमध्ये ती सहज निघत नाहीत. दोनशे चौरस किलोमीटर पसरूनही काही रेणू निसटतात, हे कायद्याने कबूल केलेलं आहे.

घाबरून खोबरेल सोडावं असं मी म्हणत नाही. ज्वाळेवर करपवलेल्या वांग्याच्या सालीतही हीच द्रव्यं असतात, आणि मर्यादेतलं रिफाइंड तेल त्या मानाने फार साफ असतं. पण पैसा आणि अक्कल कुठे लावायची, ते या आकड्यांनी ठरवावं असं मला मनापासून वाटतं. खोबरं वाळवायला उष्णता लागते, धूर लागत नाही. आग एका बाजूला, तिचा धूर लोखंडी नळ्यांतून धुराड्यात, आणि त्याच नळ्यांना चाटून तापलेली स्वच्छ हवा दुसऱ्या बाजूने खोबऱ्यावर, असे ड्रायर निघालेले आहेत आणि करवंट्याच जाळून चालतात. त्यांच्या नळ्यांचा पत्रा काही चौरस मीटर भरतो. धूर तेलात आधीच शिरलेला असेल तर लागतात २०० चौरस किलोमीटर.